पाण्याखालची शीळ

मार्गशीर्ष लागला की आमच्या रानात मेंढरं बसायला येतात. उसाचा खोडवा तुटून गेलेला असतो, पाचट पेटवून झालेलं असतं, रान मोकळं पडलेलं असतं. म्हसवडच्या बाजूचे धनगर कळप घेऊन पश्चिमेकडं निघालेले असतात, ते वाटेत रहिमतपूरच्या आसपास आठ-पंधरा दिवस रेंगाळतात. जाळीची वाघर ताणून तिच्या आत कळप बसवतात. ज्याच्या रानात मेंढरं बसली त्याच्या रानाला लेंडीखत मिळतं आणि धनगराला ज्वारी मिळते. हे माझ्या आज्याच्याही आधीपासून चालत आलंय. आमच्या घरानं मापात कधी हात आखडला नाही, पण धनगराला बसायला कधी काही अंथरलंही नाही. तो आपलं घोंगडं बरोबर आणायचा, आणि आम्ही ओट्यावर खुर्ची टाकून त्याच्याशी बोलायचो.

यंदा मेंढरं बसली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच माझा पुतण्या गाडी घेऊन आला. कुपवाडला त्याचं लेथचं वर्कशॉप आहे. पोट सुटलंय आणि मोबाइल सुटत नाही. मित्रांबरोबर मालवणला जाऊन आला होता. चहाचा कप हातात येण्याआधी त्यानं तो मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

“आण्णा, बगा तर. स्कुबा केलं आमी. लय भारी!”

मी चष्मा लावला. पाणी दहा-बारा फूट. एका माणसानं माझ्या पुतण्याला पाठीवरच्या सिलिंडरला धरलं होतं, बाजारातनं कोंबडी न्यावी तसं. ह्यानं हात हलवला नाही, पाय हलवला नाही. नुसता कॅमेऱ्याकडं बघून अंगठा वर करत होता. पाण्याखाली अंगठा वर करणं म्हणजे ‘मला वर न्या’ असं सांगणं. जगभरचे पाणबुडे ह्या एका खुणेला जिवापाड मानतात. माझा पुतण्या पंधरा मिनिटांत तीस वेळा ‘मला वर न्या’ म्हणाला आणि त्याला कुणी वर नेलं नाही, कारण असल्या माणसाच्या अंगठ्याला तिथं काही किंमत नसते हे धरणाऱ्याला माहीत होतं. मग कुणीतरी पाव कुस्करून सोडला आणि पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे ह्याच्या तोंडाभोवती गोळा झाले.

“किती जवळ आल्यात बगा की, आण्णा! भीत न्हाईत.”

“पावाला आलेत,” मी म्हणालो.

“तुमच्या टायमाला कुटं असलं हुतं?”

मी चष्मा काढला. माझ्या छातीवर एके काळी पाणबुड्याचा बिल्ला होता हे त्याला ठाऊक आहे. आमच्या बैठकीच्या खोलीत तो काचेच्या चौकटीत लावलेला आहे, येणारा-जाणारा बघतो. तो बिल्ला माझ्याकडं कसा राहिला आणि दुसऱ्या एकाचा कसा गेला, हे मात्र घरात कुणाला ठाऊक नाही.

तुच्छतेच्या बाबतीत मी घरंदाज माणूस आहे. आमच्या घरात दर पिढीला दोन माणसं पलटणीत. पलटणीतला माणूस घरच्या शेतकऱ्याला तुच्छ मानतो. ऊसवाला कोरडवाहूवाल्याला तुच्छ मानतो. कोरडवाहूवाला मेंढरांमागं हिंडणाऱ्याला. आणि मेंढरांमागं हिंडणारा कुणालाच तुच्छ मानू शकत नाही, कारण त्याच्या खाली कुणी उरलेलंच नाही, असं मला तेव्हा वाटायचं. हे साफ चुकीचं होतं, पण ते कळायला मला चार वर्षं लागली. मी स्वतः पलटणीऐवजी नौदलात गेलो तेव्हा वडिलांनी महिनाभर तोंड वाकडं केलं. “पाण्यात कुटं खंदक खणत्यात रं?” म्हणाले. “आंगुळीला गेल्यासारकं हाय त्ये.” म्हणजे तुच्छतेचा वाटा मलाही मिळाला होता, आणि मिळालेला वाटा मी पुढं कुणाला तरी देणारच होतो.

दुष्काळाचं दुसरं वर्ष सरत होतं. त्र्याहत्तरच्या सप्टेंबरात आमची तुकडी रशियाच्या पार पूर्वेकडच्या एका बंदरावर पोचली. आमची बोट तिथल्या गोदीत तयार होत होती. ती होईपर्यंत आम्हां दहा-बारा जणांना थंड पाण्यात काम करायला शिकवायचं आणि नोव्हेंबरात परीक्षा घ्यायची असं ठरलेलं होतं. पास झाला त्याचा बिल्ला कायम, नापास झाला त्यानं पुन्हा पाण्यात उतरायचं नाही. बुडी मारायला आम्ही कोचीत शिकलो होतो, पण कोचीचं पाणी म्हणजे घंगाळातलं पाणी. इथलं पाणी हिरवं-काळं, आणि इतकं गार की पहिल्याच दिवशी त्यात डोकं घातल्याबरोबर कपाळात कुणी खिळा ठोकावा तशी कळ आली. ओठ बधिर व्हायचे. दातांत धरलेली रबरी नळी तोंडात आहे की नाही हे जिभेनं चाचपून बघावं लागायचं.

पाण्याखाली जोडीनं जायचं, एकमेकांच्या कमरेला दोरी बांधून, आणि एकाची दोरी वर नावेतल्या माणसाच्या हातात. एक हिसका म्हणजे सगळं ठीक. चार हिसके म्हणजे ओढा. माझा जोडीदार म्हणून नाव निघालं धुळाचं. म्हसवडच्या पलीकडच्या वस्तीवरचा धनगर, माझ्याच वयाचा, बावीस-तेवीसचा, काटक, बोलायला कमी. आमचे साहेब बंगलोरकडचे. “दोघं एकाच जिल्ह्यातले, छान जमेल,” म्हणाले. रहिमतपूर आणि म्हसवड यांच्यात किती अंतर असतं ते त्यांना कोण सांगणार? ज्याला आमच्या घरी ओट्याच्या खाली उभं केलं असतं, त्याला मी कमरेला बांधून घेणार होतो.

“माणदेशातला तू. प्यायला पाणी न्हाई तुमच्यात. पवायला कुटं शिकलास रं?” मी पहिल्याच दिवशी टोमणा मारला.

“मेंढरं धुतो की आमी, कातरणीच्या आदी,” तो म्हणाला. “राजेवाडीच्या तळ्यात. एकांदं बुडाय लागलं की त्येच्या खाली जायाचं आन् पोटाला हात लावून वर ढकलायचं.”

“आता कुटं हाईत मेंढरं?”

“तळं आटलं गेल्या साली. निम्मी मेली. उरल्याली बानं इकली.” एवढंच बोलून तो रबरी पोशाखाची झिप तपासत बसला.

त्या पोशाखाच्या आत लोकरीचे दोन जाड सदरे घालावे लागत. धुळानं पहिल्या दिवशी ती रशियन लोकर अंगठा आणि बोटात धरून चोळली, वास घेतला आणि परत ठेवली. दुसऱ्या दिवशी बघतो तर ह्यानं सामानातून घोंगड्याची एक हातभर रुंद पट्टी काढली आणि सदऱ्याखाली कमरेला गुंडाळली. सबंध खोलीभर मेंढराचा वास. पोरं नाकं धरून हसली, सगळ्यात मोठ्यानं मी. नियमात ते बसत नव्हतं. पण पाऊण तासानं वर आलो तेव्हा माझी कंबर लाकडासारखी झाली होती आणि तो दोरी गुंडाळत निवांत उभा होता. मी तरीही त्या वासाची नक्कल करत राहिलो. माणसाला नक्कल जमते तेव्हा दुसरं काही शिकायची त्याला गरज वाटत नाही.

खाली जे होतं ते सांगायला माझ्याजवळ आजही नीट शब्द नाहीत, आणि तेव्हा तर डोळेही नव्हते. तंबाखूच्या पानांसारखे तपकिरी, चिवट शेवाळाचे पट्टे दोन-दोन पुरुष उंच उभे असायचे आणि लाट वर गेली की सगळे एकदम एकीकडं कलायचे. जांभळे तारामासे, काटेरी गोळे, ताटाएवढाले खेकडे. शिंपले तर उठून पळायचे. दोन झापा आपटत, टाळ्या वाजवल्यासारखे, उलटेपालटे होत पळायचे. आपल्याकडं कुणाला सांगितलं तर माझ्या डोक्यावर परिणाम झाला म्हणतील. मी ते सगळं कामाला गेलेल्या माणसासारखं बघितलं. बोल्ट कुठं आहे, साखळी कुठं आहे, किती मिनिटं राहिली. माझ्या मनात एकच हिशेब, परीक्षेत पहिला येण्याचा.

धुळा मात्र खाली गेला की थांबायचा. वाळूवर गुडघे टेकून गप्प. माझ्या कमरेला दोरीचा ताण बसला की समजायचं, ह्यानं पुन्हा काहीतरी बघितलं. गोदीच्या जवळ तळाला एक गंजलेला पाइप पडला होता, त्यात एक भला मोठा ऑक्टोपस राहायचा. सगळे त्याला डिवचायचे. धुळानं एकदा एक खेकडा त्याच्या तोंडाशी नेऊन सोडला आणि दहा मिनिटं बघत राहिला. वर आल्यावर म्हणाला, “मादी हाय ती. अंड्यावर बसलीया. तिला छेडू नगा.”

“तुला सांगितलं व्हय तिनं?” मी म्हणालो. सगळे हसले.

“खायाला घातल्यालं खाईना, जागची हलंना. आजून काय सांगाय पायजे?”

आमचा रशियन उस्ताद, पिंपासारखा माणूस, दुभाष्याकडून हे ऐकून पाइपात दिवा मारून आला. आत छताला पांढऱ्या मण्यांच्या माळा लोंबत होत्या. त्यानं वर येऊन धुळाच्या पाठीवर थाप मारली. मला ती थाप माझ्या गालावर बसल्यासारखी वाटली. स्पष्टच सांगतो, मला राग आला. ज्या विद्येला मी विद्या मानत नव्हतो तिच्यात तो पहिला आला होता.

ऑक्टोबरच्या अखेरीला सील आला. अगोदर नुसती सावली दिसली, शेवाळाच्या पलीकडं, जाड आणि गुळगुळीत. मग तोंड. कुत्र्याचं असतं तसं, ओलं, मिशा असलेलं, आणि डोळे एवढाले काळे. दोरीभर अंतरावर येऊन थांबला, बघितलं, वळला आणि गेला. त्या किनाऱ्यावर सीलची शिकार व्हायची. उस्ताद म्हणाला की हे जनावर माणसाजवळ यायचं नाही. दुसऱ्या दिवशी परत आला, तिसऱ्या दिवशी परत. तेवढ्याच अंतरावर, दोरीभर. वर आल्यावर धुळाचा चेहरा मी पहिल्यांदा मोकळा झालेला बघितला.

“मोजत हुतं गड्या आपल्याला. लांबनं बगतंय, मोजतंय. आमचं कुत्रंबी आसंच करायचं. नवा माणूस आला की म्होरं यायाचं न्हाई, माघारीबी जायाचं न्हाई.”

“बस मग त्याला वाघर लावून,” मी म्हणालो.

चौथ्या दिवशी आम्ही चाळीस फुटांवर एका साखळीची कडी बदलत होतो. पाना माझ्या हातात होता. दोरीला ताण आला म्हणून मी चिडून वळलो. सील समोर थांबला होता. आणि धुळानं उजव्या हातानं तोंडातली नळी काढली.

मला काही कळेना. जगात कुठलाही पाणबुडा पाण्याखाली दुसरं काहीही करील, पण आपल्या हातानं श्वास काढून ठेवणार नाही. ती चूक म्हसवडकडच्या मेंढक्याच्याच हातून व्हायची. जनावर लांब उभं आहे, बुजलेलं आहे, त्याला बोलवायचं तर शीळ घालायची, आणि शीळ घालायची तर तोंड मोकळं पाहिजे. एवढा सरळ विचार. त्यानं जीभ टाळूला लावली असणार, गाल आत घेतले असणार. मला फक्त बुडबुडे दिसले आणि हसू फुटलं. होय, मी चाळीस फुटांवर नळी दातांत धरून हसत होतो. मग त्याचे हात वेडेवाकडे व्हायला लागले. बधिर ओठांत नळी परत बसेना. मी पाना टाकला, त्याला कव घातली आणि दोरीला चार हिसके दिले.

वर त्याच्या नाकातोंडातून पाणी आलं, मग रक्ताची गुळणी. दोन दिवस दवाखान्यात होता. मी भेटायला गेलो तेव्हा छातीत घरघर वाजत होती. त्यानं माझं मनगट धरलं.

“साह्यबाला सांग, शेवाळात गुतून निगाली म्हनून. आपल्या हातानं काडली म्हनलास तर मला पुन्ना पान्यात सोडायचं न्हाईत. मला खाली जायाचं हाय, गड्या.”

“बरं,” मी म्हणालो.

चौकशीच्या वेळी साहेबांच्या समोर मी ‘शेवाळ’ म्हणालोसुद्धा. ते वाक्य अर्धं झालं होतं. साहेब कंटाळलेले, खिडकीतून बाहेर बघत होते. आमच्या साहेबांना कुणी कधी हसताना पाहिलं नव्हतं. आणि माझ्या हातात अशी गोष्ट होती की दगडसुद्धा हसेल. मला मोह आवरला नाही. मी म्हणालो, “साहेब, खरं सांगू का?” आणि मी उभा राहून सगळं करून दाखवलं. धनगर कसा वाळूवर गुडघे टेकतो, कसा नळी काढतो, समुद्रातल्या जनावराला कसा मेंढराला बोलवावं तसा बोलवतो, आणि शीळ घालायला गेल्यावर तोंडातून कसे बुडबुडे निघतात. साहेब हसले. टेबलावर हात आपटून हसले, डोळे पुसले. आणि हसता हसताच त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

मी खोटं काहीच बोललो नव्हतो. पाण्याखाली आपल्या हातानं नळी काढणारा माणूस उद्या जोडीदारालाही मारू शकतो, म्हणून त्याला पुन्हा उतरू द्यायचं नाही हा नियम योग्यच आहे. ह्या नियमाच्या आडोशाला मी पुष्कळ वर्षं सुखानं बसलो. पण नियम पाळायला म्हणून मी ते सांगितलं नव्हतं. मी हशा मिळवायला सांगितलं होतं.

धुळाला भटारखान्यात पाठवलं. आम्ही परीक्षेची तयारी करत होतो तेव्हा तो बटाटे सोलत बसलेला असायचा, गार पाण्यानं हात उललेले. मला एकदाही काही म्हणाला नाही. मी ताट घेऊन गेलो की सगळ्यांना वाढायचा तेवढंच वाढायचा. त्याची घोंगड्याची पट्टी पोशाखाच्या खोलीत खुंटीला तशीच लटकत होती. परीक्षेच्या दिवशी मी ती उचलली आणि सदऱ्याखाली कमरेला गुंडाळली. त्याला विचारलं नाही. त्या दिवशी कुणी नाक धरलं नाही, कारण नक्कल करणारा मीच होतो.

परीक्षेत एकट्यानं उतरायचं होतं, दोरीच्या टोकाला. खाली गेलो, कडी लावली, बोल्ट पिळला, वेळ शिल्लक राहिली. कंबर ऊबदार होती. मान वर केली तर शेवाळापाशी तो सील. दोरीभर अंतरावर. माझ्याकडं बघितलं, मग माझ्या डावीकडं बघितलं, जिथं धुळा असायचा. पुन्हा माझ्याकडं बघितलं. जनावरांच्या मनातलं मला कळतं असा दावा मी करणार नाही, पण तो माझ्यासाठी आलेला नव्हता एवढं एखाद्या दगडालाही कळलं असतं.

आणि मी तोंडातली नळी काढली.

का काढली ते मला विचारू नका. पाणी दातांवर सुरीसारखं आलं. मी ओठ जुळवले आणि फुंकलं. मला जमिनीवरसुद्धा शीळ घालता येत नाही. आमच्या घरात शीळ घालणं हलकं मानायचे. दोन-चार बुडबुडे निघाले. सीलनं ते वर जाताना बघितले, अंग वळवलं आणि गेला. मी नळी परत दातांत धरली. कुणाला काही दिसलं नव्हतं. वर आल्यावर उस्तादानं विचारलं, ठीक? मी ठीकची खूण केली. संध्याकाळी माझं नाव पहिलं वाचलं गेलं. ज्या चुकीनं धुळाचं पाणी तुटलं, त्याच चुकीसकट मी बिल्ला घेतला.

छातीमुळं धुळाला पुढच्या वर्षी घरी पाठवलं असं ऐकलं. मी ऐकलं आणि दुसरा विषय काढला.

सत्त्याहत्तरच्या मार्गशीर्षात मी रजेवर आलो होतो. ओट्यावर वडील खुर्चीत, मी दुसऱ्या खुर्चीत, आणि खाली ज्वारी न्यायला आलेला धनगर उभा. खोकल्याचा आवाज ओळखीचा वाटला म्हणून मी पेपर खाली केला. पटका, दाढी, खांद्यावर घोंगडं. तो माझ्याकडं बघत होता, किती वेळ कोण जाणे. वडिलांच्या देखत मी उठलो नाही. तो गेल्यावर अर्ध्या तासानं, रान बघून येतो म्हणून गेलो.

मेंढरं वाघरीतून मोकळी होऊन बांधाला पांगली होती. जास्त नव्हती, तीस-चाळीस. धुळा एका कोकराच्या पायातला काटा काढत होता.

“वळखलंस का?” मी म्हणालो.

“दोरीनं बांदल्यालं मानूस इसरतंय व्हय?” त्यानं मान वर केली नाही.

मी उभाच. बसायला त्यानं घोंगडं अंथरलं नाही, आणि त्यानं अंथरावं असा मी कोण होतो? मनात जुळवून आणलेलं सगळं पळालं आणि नको तेच तोंडातून निघालं. “परीक्षेच्या दिशी मी बी काडली हुती नळी. तोंडातनं.”

आता त्यानं मान वर केली. “कशापायी?”

“शीळ घालाय.”

“आलं का त्ये?”

“न्हाई.”

तो हसायला लागला. हसता हसता खोकला, खोकता खोकता पुन्हा हसला. “आरं, तुला जिमिनीवर येत न्हाई शीळ, आन् पान्यात घालाय गेलास व्हय रं?” मग कोकराला सोडून दिलं, हात धोतराला पुसला. “माज्या येळंला आलं हुतं.”

“काय आलं हुतं?”

“त्ये जनावर. पार हिकडं.” त्यानं उजव्या मनगटाची आतली बाजू पुढं केली, जणू तिथं काही लिहिलेलं होतं. “मिशा लागल्या हितं. नाक लावलं त्येनं. आन् तवाच तू वडलंस.”

“आरं, तू मरत हुतास धुळा!”

“मरतबी आसंन. पर आलं हुतं.” तो उठून उभा राहिला. “साह्यबाला सांगितलंस त्येचं मला काय न्हाई. खरं हुतं त्येच सांगितलंस. पर अर्धंच सांगितलंस. त्ये आलं हुतं, एवडं न्हाई सांगितलंस.”

“मी बघितलंच न्हाई रं. आईच्यान न्हाई बघितलं.”

“तू कवा कशाकडं बगितलंस?” तो म्हणाला.

रागानं म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानं माझ्याकडं एक नजर टाकली, खालपासून वरपर्यंत, आणि तोंड फिरवलं. ती नजर मी चांगली ओळखतो. आमच्या ओट्यावरून ती चार पिढ्या खाली टाकली जात होती. आमच्यापैकी कुणाकडं ती वळलेली मी त्या दिवशी प्रथमच पाहिली, आणि तिच्यात अन्याय असा कुठंच नव्हता. मग त्यानं जीभ टाळूला लावली आणि शीळ घातली. बांधापलीकडच्या मेंढरांनीसुद्धा माना वर केल्या. आमच्या वस्तीवरचा कुत्रा, जो माझ्या हाकेला कधी उठत नसे, तोही उठून उभा राहिला.

त्यानंतर तीन-चार वर्षं धुळा येत राहिला. मी रजा वेगळ्या महिन्यात घ्यायला लागलो. मग तो यायचा बंद झाला. त्याच्या जागी दुसरे येतात, त्यांना मी धुळाचं विचारत नाही.

पुतण्या जेवून दुपारीच निघाला. जाताना म्हणाला, “आण्णा, तुमी पन सांगा की कवातरी, काय काय बगितलंय त्ये.” मी म्हणालो, “काही नाही. पाणी गार होतं.” त्याला मी सकाळपासून मनातल्या मनात तुच्छ मानत होतो, तिसाव्या अंगठ्यापर्यंत. पण त्याचे मासे निदान पावाला तरी आले, आणि ते आले हे त्यानं बघितलं. माझ्याकडं काचेच्या चौकटीतला बिल्ला आहे.

ऊन कलल्यावर मी रानाकडं गेलो. धनगर विहिरीवर पाण्याला गेला होता. मेंढरं खाली माना घालून बुडखे हुंगत होती. आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी तोंडातली कवळी काढली, रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. जीभ टाळूला लावली, गाल आत घेतले आणि सगळा श्वास एकवटून फुंकलं. नुसती हवा गेली. पुन्हा फुंकलं. एकाही मेंढरानं मान वर केली नाही.